गोव्याहून मापुतोच्या किल्ल्यात

पहिल्या दिवशी आम्हाला उशीर झाला. पोचलो तेव्हा राखणदार किल्ल्याचा दरवाजा ओढून घेत होता. हातातला जुडगा दाखवत तो माझ्या भावाला काहीतरी म्हणाला. त्या भरभर बोललेल्या पोर्तुगीजमधून एकच शब्द मला सुटा ऐकू आला, ‘शाव्’. चावी. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला हे शाळेत शिकले होते, पण आफ्रिकेतल्या एका किल्ल्याच्या दारात, खऱ्याखुऱ्या चाव्या हातात धरलेल्या माणसाच्या तोंडून तो ऐकताना अंगावर काटा आला. उद्या सकाळी लवकर या, असे त्याने सांगितले आणि आम्ही परत फिरलो.

माझा धाकटा भाऊ कच्च्या काजूच्या व्यापारात आहे. आमच्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या कारखान्यांत फुटणारा बराचसा काजू आफ्रिकेतून येतो. त्याच्या खरेदीसाठी तो दरवर्षी मोझांबिकला जातो आणि थोडे दिवस राजधानीत, मापुतोला राहतो. गेल्या डिसेंबरात त्याने मला बोलावून घेतले. “ताई, समुद्र बघ, कोळंबी खा, विश्रांती घे,” असा त्याचा बेत होता. माझ्या मनात मात्र किल्लाच होता. मी फोंड्याची. अग्वादच्या तुरुंगाच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. पोर्तुगिजांचे राज्य गोव्यापुरते नव्हते हे माहीत असते, पण त्या राज्याचे दुसरे टोक डोळ्यांनी कधी पाहिलेले नसते. मला ते पाहायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चोपेलाने निघालो. मापुतोत तीनचाकी रिक्षाला चोपेला म्हणतात. आम्ही बसलो ती बजाजची होती. डिसेंबर म्हणजे तिथला उन्हाळा, आणि रस्त्याच्या दुतर्फा गुलमोहर पेटलेला. तिथले लोक त्याला तांबडी अकेशिया म्हणतात आणि आपल्या गावाला अकेशियांचे शहर. कोपऱ्यावर एक बाई टोपली घेऊन बसली होती. पाव मधून चिरून त्यात ती गरम भजी भरून देत होती. तिथे तिला ‘बाजिया’ म्हणतात, चवळीच्या वाटलेल्या डाळीची. चव आपल्या भजीच्या इतकी जवळची की मी दुसरा पाव मागून घेतला. गुजरातेतून, दीव-दमणहून, गोव्यातून शतकानुशतके माणसे इथे येत राहिली. त्यांच्याबरोबर भजी आली आणि समोसाही, त्याला तिथे ‘शामुसा’ म्हणतात. पाव मात्र पोर्तुगिजांनी आपल्यालाही दिला आणि त्यांनाही.

किल्ला शहराच्या जुन्या भागात, बंदराजवळ, 25 जूनच्या नावाच्या चौकात आहे. 25 जून 1975 हा मोझांबिकच्या स्वातंत्र्याचा दिवस. सिंधुदुर्ग किंवा अग्वाद मनात धरून गेलात तर पहिल्यांदा निराशा होईल. तांबूस दगडाचा, चौकोनी, बुटका किल्ला. तटावरून सावकाश फेरी मारली तरी दहा मिनिटांत संपते. एके काळी पाणी तटाला लागून होते. नंतर भर घालून समुद्र मागे हटवला आणि आता मध्ये रस्ता आहे, वाहने आहेत. आज दिसते ते बांधकामही बरेचसे 1940 च्या दशकात पुन्हा उभारलेले आहे. पोर्तुगिजांना तेव्हा आपल्या पराक्रमाचे स्मारक हवे होते, म्हणून त्यांनी पडझड झालेली जुनी गढी नव्याने सजवली. हे आधी माहीत असलेले बरे, म्हणजे प्रत्येक दगडात अठरावे शतक शोधत बसावे लागत नाही. या किल्ल्याचे मोल दगडांत कमी आणि आत ठेवलेल्या दोन गोष्टींत जास्त आहे.

तिकीट किरकोळ होते, पण सुटे मेटिकल, म्हणजे तिथले चलन, जवळ ठेवा. पासपोर्टची झेरॉक्सही बरोबर असू द्या, शहरात पोलीस मध्येच विचारतात. आतल्या पाट्या पोर्तुगीजमध्ये होत्या. आम्हाला एक तरुण मार्गदर्शक मिळाला, इतिहासाचा विद्यार्थी. किल्ल्याची देखरेख तिथल्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठाकडे आहे. तो मला ‘ममां’ म्हणू लागला. वयाने मोठ्या बाईला तिथे असेच हाक मारतात. भाऊ भाषांतर करत होता.

तुम्ही कुठल्या, असे त्याने विचारले. भारत असे सांगून भागले असते, पण मी गोवा म्हटले. तो थांबला. मग म्हणाला, “हा किल्ला इथे आहे तो गोव्यामुळेच.”

मला वाटले तो पाहुण्यांना बरे वाटावे म्हणून बोलतो आहे. पण त्याने जे सांगितले ते मी परत आल्यावर पडताळून पाहिले आणि ते खरे आहे. 1777 मध्ये या उपसागरात येऊन वखार घातली ती ऑस्ट्रियाच्या निशाणाखाली. विल्यम बोल्ट्स नावाचा एक व्यापारी होता. पूर्वी तो बंगालमध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीत होता, तिथून त्याला घालवून दिले. मग त्याने ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेसा हिच्याकडून सनद मिळवली, इथे हस्तिदंताचा व्यापार मांडला आणि आपल्या मलबार किनाऱ्यावरही वखारी काढल्या. पोर्तुगिजांचा या उपसागरावर जुना दावा होता. लोरेंसू मार्किश नावाच्या त्यांच्या दर्यावर्दीने 1544 मध्ये तो धुंडाळला होता आणि पुढे शहरालाही त्याचेच नाव मिळाले. मापुतो हे नाव 1976 चे. पण दावा असला तरी माणसे नव्हती. शेवटी 1781 मध्ये गोव्याच्या गव्हर्नरने चाळीस तोफांचे जहाज आणि पाचशे माणसे पाठवली. ऑस्ट्रियाच्या वखारीतली माणसे मलेरियाने आधीच खंगली होती. ती हुसकली गेली आणि मग पोर्तुगिजांनी इथे कायमचे ठाणे बसवले. त्यातून हा किल्ला उभा राहिला.

मांडवीतून निघालेले जहाज माझ्या डोळ्यांसमोर आले. त्या पाचशेंमध्ये गोऱ्यांबरोबर बार्देश-तिसवाडीतले किती होते कोण जाणे, पण हुकूम गोव्यातून सुटला होता. मोझांबिकचा कारभारच 1752 पर्यंत गोव्यातून चालत असे. गुलामीचे दुःख मी घरातून घेऊन गेले होते. आपल्या गावचे नाव इथे गुलामी लादणाऱ्यांच्या बाजूला लिहिलेले असेल, हे मात्र मनात आलेच नव्हते. मी त्या तरुणाला तसे सांगितले. तो नुसता मान हलवून पुढे चालू लागला.

हे ठाणेही सुखाने टिकले नाही. 1796 मध्ये फ्रेंचांनी ते उद्ध्वस्त केले. 1833 मध्ये झुलू सैन्याने इथल्या पोर्तुगीज गव्हर्नरला ठार मारले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे म्हणजे दलदलीच्या काठावरचे, तापाने पछाडलेले एक छोटे गाव होते. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये सोने सापडले, प्रिटोरियापर्यंत रेल्वे गेली, आणि मग शहर वाढले. 1898 मध्ये राजधानी उत्तरेकडच्या मोझांबिक बेटावरून इथे आली.

आतल्या अंगणात झाडे आहेत, हिरवळ आहे, ओळीने तोफा आहेत. आणि एका बाजूला काशाचा प्रचंड घोडेस्वार. जोआकिं मोझिनू द आल्बुकेर्के. आडनाव ऐकून मी चमकले. 1510 मध्ये गोवा घेणारा तो आफोंसू द आल्बुकेर्के, आणि हा त्याच्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी आलेला घोडदळाचा अधिकारी. हा पुतळा 1940 पासून शहराच्या मुख्य चौकात, महापालिकेच्या इमारतीसमोर उभा होता. स्वातंत्र्यानंतर तो उचलून इथे आणला. त्या चौकात आज देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचा नऊ मीटरचा पुतळा आहे, आम्ही आदल्या संध्याकाळीच तो पाहिला होता.

मोकळ्या चौकात उंच चौथऱ्यावर हा घोडेस्वार कसा दिसत असेल, याची कल्पना येते. इथे तटाच्या आत तो जागेसाठी फार मोठा वाटतो. घोड्याच्या पोटाखाली उभे राहून मी वर पाहिले. कारागिरी उत्तम आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पुतळ्याबरोबरचे शिल्पपट्टही इथेच आहेत. त्यातल्या एकापुढे आमचा मार्गदर्शक बराच वेळ थांबला. 28 डिसेंबर 1895, शायमितचा प्रसंग. दक्षिण मोझांबिकमध्ये गाझा नावाचे मोठे राज्य होते. 1884 पासून त्याचा राजा होता न्गुन्गुन्यान. पोर्तुगिजांनी नोव्हेंबर 1895 मध्ये कोओलेलाच्या लढाईत त्याचे सैन्य मोडले आणि त्याची राजधानी मांडलाकाझी जाळली. राजा शायमितला गेला. तिथे त्याचे आजोबा सोशान्गाने यांची समाधी होती. या राज्याची स्थापना त्यांनीच केली होती. मोझिनू थोड्या शिपायांनिशी तिथे पोचला आणि राजाला त्याच्याच लोकांसमोर जमिनीवर बसायला लावले. राजाच्या दोन माणसांना तिथेच गोळ्या घातल्या.

“राजा कधी उघड्या जमिनीवर बसत नाही,” मार्गदर्शक म्हणाला. “लढाई हरण्यापेक्षा लोकांना हे जास्त लागले.”

राजाला पुढे जहाजाने लिस्बनला नेले. रस्त्यांतून मिरवले, गर्दीने त्याला पाहून घेतले. त्याच्याबरोबर त्याच्या सात राण्या होत्या, त्यांना त्याच्यापासून तोडून साओ तोमे बेटावर धाडले. राजा, त्याचा मुलगा गोदीदे, काका मोलुंगो आणि झिशाशा नावाचा रोंगा जमातीचा सरदार, या चौघांना अटलांटिकमधल्या आझोर्स बेटांवर तेर्सेराच्या किल्ल्यात ठेवले. तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, नवी पोर्तुगीज नावे मिळाली. राजा लिहा-वाचायला शिकला, टोपल्या विणू लागला. 23 डिसेंबर 1906 रोजी तो तिथेच वारला. अकरा वर्षे. गोवामुक्तीच्या लढ्यातल्या आपल्या मोहन रानड्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात ठेवले होते. गोवा मुक्त झाल्यावरही 1969 च्या जानेवारीपर्यंत ते सुटले नाहीत. त्याच लढ्यातल्या त्रिस्ताव ब्रागांझ कुन्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबले होते. माणसाला त्याच्या भूमीपासून उचलून समुद्रापलीकडच्या किल्ल्यात टाकायचे, ही त्या राज्याची जुनी रीत. आमच्याकडच्यांची नावे आम्हाला पाठ आहेत. या चौघांची मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती.

अंगणाच्या कडेच्या एका खोलीत ती पेटी आहे.

बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर काही क्षण काही दिसले नाही. मग हळूहळू गडद लाकूड दिसू लागले, सर्व बाजूंनी कोरलेले. शवपेटी आहे, पण आकाराने मोठी, भारदस्त, राजाच्या आसनासारखी. 1985 मध्ये, स्वातंत्र्याच्या दहाव्या वर्षी, समोरा माशेल यांच्या सरकारने न्गुन्गुन्यानचे अवशेष पोर्तुगालकडून मागून आणले. एका मोझांबिकी शिल्पकाराने इथल्याच लाकडातून ही पेटी कोरली. पण आझोर्सच्या दफनभूमीत त्याची नेमकी कबर उरलीच नव्हती. त्या जागेत नंतर इतरांना पुरले होते. म्हणून आणली ती बहुतांशी तिथली माती.

खोलीत आम्ही तिघेच होतो. मी चपला बाहेर काढल्या. तशी तिथे पद्धत नाही, पण माझ्याने राहवले नाही. परक्या बेटावरची माती आपल्या माणसाची म्हणून मानाने घरी आणायची, आणि ती ठेवायची कुठे, तर त्याला बांधून नेणाऱ्यांच्याच किल्ल्यात, आणि दारापासून चार पावलांवर त्याला धरणाऱ्याचा घोडा. मला ते सहन होईना. मी तसे बोलून दाखवले. राजाला त्याच्या मांडलाकाझीला का नेले नाही?

मार्गदर्शकाने घाईने उत्तर दिले नाही. तो स्वतः शोपी. गाझाच्या राजांनी शोपी लोकांवर स्वाऱ्या केल्या, गावे जाळली, माणसे गुलाम करून नेली. “माझ्या आजीच्या गावात या राजाचे नाव कोणी प्रेमाने घेत नाही,” तो म्हणाला. झिशाशा सरदार पोर्तुगिजांशी लढून या राजाच्या आश्रयाला आला, तेव्हा स्वतःला वाचवण्यासाठी राजाने त्यालाच पोर्तुगिजांच्या हवाली केले होते. आणि नंतर दोघे एकाच बेटावर कैदेत पडले. 1985 मध्ये देशात यादवी चालू होती, सरकारला सगळ्यांना जोडणारा एक वीर हवा होता, म्हणून हा. “तरीही,” तो म्हणाला, “परक्यांनी ज्याला जमिनीवर बसवले त्याला उचलून वर ठेवणे आमचे कामच होते. तो चांगला होता की वाईट, ते आम्ही आपसांत बघू.”

हे त्याचे वाक्य मी खोलीतून बाहेर आल्याबरोबर वहीत उतरवून घेतले. राजा मांडलाकाझीला जायला हवा, असे मला आजही वाटते. पण त्याच्या बोलण्यात जो सरळपणा होता तो मला फार आवडला.

मग आम्ही तटावर गेलो. खाली बंदराच्या क्रेन, मासेमारीच्या होड्या, आणि पलीकडे काटेंबेकडे जाणारा लांबलचक झुलता पूल, 2018 मध्ये सुरू झालेला. वारा होता. माझा भाऊ एरवी इतिहासात फारसा रमत नाही, पण तोही एका तोफेशेजारी बसून राहिला होता. त्याने त्याच्या एका ओळखीच्या व्यापारी कुटुंबाची गोष्ट सांगितली. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि त्याचा राग पोर्तुगिजांनी इथल्या भारतीयांवर काढला. भारतीय नागरिकांना छावण्यांत कोंडले, त्यांची दुकाने, पैसे गोठवले, आणि मग देशाबाहेर काढले. त्या कुटुंबातल्या म्हाताऱ्या बाई तेव्हा लहान होत्या. आमच्याकडे त्या दिवशी फटाके वाजत होते, असे त्यांना सांगायला त्याला जड गेले होते.

आणि मग मला आजीची गोष्ट सांगाविशी वाटली.

1955 च्या सुमाराची. सत्याग्रह पेटला तेव्हा पोर्तुगिजांनी गोव्यात गोऱ्या फौजेबरोबर मोझांबिकमधून आफ्रिकी सैनिक आणून ठेवले. गोऱ्या शिपायांना आमच्याकडे पाखले म्हणत. आणि काळ्यांना एक शब्द होता, तो चांगला नाही. आजी पंधरा-सोळा वर्षांची होती. बागायतीतल्या विहिरीवर पाणी काढत असताना असा एक सैनिक एकटाच वाटेवरून आला. तिने बालदी तिथेच टाकली, घरात पळाली आणि दाराला अडसर घातला. जनेलाच्या फटीतून पाहत राहिली. त्याने स्वतः पाणी शेंदले, प्यायला, तोंडावर मारले. मग बालदी विहिरीच्या काठावर नीट पालथी घातली, दोर गुंडाळून तिच्यावर ठेवला, आणि गेला. आजी ही गोष्ट म्हातारपणापर्यंत सांगायची. तिला सगळ्यात आठवायचा तो गुंडाळलेला दोर. आमच्या घरात इतका नीट दोर कोणी गुंडाळला नव्हता, असे ती म्हणायची.

भाऊ भाषांतर करता करता अडला. “ताई, तो शब्द सांगू?”

“सांग.”

त्याने सांगितला, खाप्री. मार्गदर्शकाला समजावून द्यावे लागले नाही. “काफ्र,” तो हळूच म्हणाला. त्यांच्याकडे पोर्तुगीज हाच शब्द वापरत. आपला त्यावरूनच आलेला दिसतो. चावी आली, पाव आला, बालदी आली, तसा तोही आला आणि आम्ही तो वापरला. मी त्याच्याकडे पाहून हात जोडले. भावाने त्याचे भाषांतर केले नाही, लागले नाही.

खाली अंगणात माळी झाडांना पाणी घालत होता. थोडा वेळ आम्ही तिघेही तेच बघत होतो. मग त्या तरुणाने विचारले, “ममां, गोव्यात आल्बुकेर्केचा पुतळा होता का?”

होता, मी म्हटले. पणजीहून काढून जुन्या गोव्याच्या संग्रहालयात ठेवला आहे. काशाचाच.

“घोड्यावर?”

नाही, उभा.

त्याने खिशातून कागद काढून जुन्या गोव्याचे नाव माझ्याकडून लिहून घेतले. दोन ओळी खाली मी आमच्या गावाचेही लिहिले. कागद घडी घालून त्याने परत खिशात ठेवला. जिना उतरताना तो माझ्या पुढे होता. मध्येच थांबून वळला.

“ती विहीर अजून आहे?”

आहे, मी म्हटले. आता पंप बसवला आहे, पण पाणी तेच.